मेश्राम मॅडमचं तणस

मेश्राम मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी भिंतीवर बोटाचं पेर आपटून बघायच्या. टक, टक. मग ओठ मुडपायच्या आणि मगच खुर्ची ओढून घ्यायच्या. आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटची वास्तुशांत होती त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाहुण्यांदेखत हॉलची भिंत वाजवली आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "पोकळ आहे हो. बिल्डरनं सिमेंट खाल्लं." फ्लॅटसाठी अर्धे पैसे सासऱ्यांनी दिले होते. ते त्या दिवशी नीट जेवले नाहीत. बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "या बाईंना कुणी बोलावलं?"

मीच बोलावलं होतं. मॅडमना टाळणं मला जमत नसे, आणि त्याचं कारण माझ्याच हातून झालेला एक घोळ होता.

मॅडम केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वैज्ञानिक अधिकारी होत्या. विटा, पत्रे, फळ्या, बांधकामाला लागणारं जे काही असेल ते तपासायचं आणि पास-नापास करायचं, हे त्या कार्यालयाचं काम. मी तिथेच तळमजल्यावर हिंदी अनुवादक होतो. इंग्रजी कागदांचं हिंदी करायचं आणि ते कुणी वाचत नाही हे ठाऊक असूनही उद्या पुन्हा करायचं, अशी माझी नोकरी. मराठी माणूस दिल्लीत बसून इंग्रजीचं हिंदी करतो, याची घरी सगळे टिंगल करायचे. मॅडमनी कधी केली नाही. त्या म्हणायच्या, "शब्दाचं काम आहे बापा, जपून करा." मी जपून केलं नाही.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या, धानाच्या मुलुखातल्या. बाबूजी, म्हणजे त्यांचे मिस्टर, रेल्वेत होते. एक मुलगी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीसेक वर्षं काढलेली. पुढच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, मूर्तीजवळ पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मधे नेहमी कसला तरी ठोकळा. माझ्या टेबलाशी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी सरळ माझ्या शब्दकोशावर उपडी केली.

"ह्याला काय म्हणता तुम्ही?"

"पेंढा," मी म्हटलं.

"आमच्याकडे तणस म्हणतात. इकडे पुआल म्हणतात, पंजाबकडे पराली. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, पण नीट म्हणा."

मग त्यांनी उभ्या उभ्या मला सगळी योजना सांगितली. तणस बारीक कापायचं, चुन्यात आणि मातीत कालवायचं, यंत्रात दाबायचं आणि त्याच्या विटेपेक्षा मोठ्या लाद्या काढायच्या. त्या लाद्यांच्या भिंती उभ्या करून गावोगाव धान्य ठेवायची छोटी कोठारं बांधायची. बाकीचे लोक त्या सुमारास परालीबद्दल बोलायचे ते फक्त धुरासाठी. दिवाळीच्या आगेमागे दिल्लीचं आभाळ राखट झालं की कार्यालयातले सगळे खिडकीशी उभे राहून खोकायचे आणि "ये पराली वाले" म्हणून शिव्या द्यायचे. मॅडमना त्या धुराचा राग होता, पण वेगळा. "पोरं उपाशी राहतात ती धान पिकत नाही म्हणून नाही, पाटणकर," त्या म्हणाल्या. "पिकते भरपूर. ठेवाले जागा नाही. ताडपत्रीखाली सडते. अन् त्याच धानाचं तणस लोक शेतात जाळून राहिले. धानाला तणसाचं घर बांधून द्या, एवढंच म्हणते मी."

आवेशात आल्या की त्यांची मराठी अशी भंडाऱ्याला जाऊन यायची. मला योजना पटली. तिचं हिंदी करायला मी मोठ्या उत्साहानं बसलो, आणि तिथेच माती खाल्ली.

तेव्हा हिंदी पंधरवडा चालू होता. त्या पंधरा दिवसांत फायलींची मुखपृष्ठं फक्त हिंदीतच हवीत, असा हुकूम होता. मॅडमनी पेन्सिलीनं लिहून दिलं होतं, 'धान के पुआल से अन्न-कोठार'. मला ते फार गावठी वाटलं. सरकारी शब्दावलीत 'कृषि अपशिष्ट' असा भारदस्त शब्द होता. अपशिष्ट म्हणजे उरलेलं, टाकाऊ, थोडक्यात कचरा. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कृषि अपशिष्ट का उपयोग'. अन्न आणि कोठार हे दोन्ही शब्द मी जागा पुरेना म्हणून गाळले. स्वतःवर खूश होऊन चहा प्यालो.

फाइल वाटणाऱ्या कारकुनानं वरचे तीन-चार शब्द वाचले आणि ती स्वच्छता शाखेकडे पाठवली. कचऱ्याचे डबे आणि झाडूवाल्यांच्या हजेऱ्या बघणारी ती शाखा. त्यांना त्या फायलीचं काय करावं हे कळेना, आणि परत पाठवायची म्हणजे आपल्याला कळलं नाही हे लिहून द्यावं लागणार. म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. मॅडम दर तिमाहीला विचारणा करायच्या, दर तिमाहीला उत्तर यायचं, "मामला विचाराधीन है." असे दोन हिवाळे गेले. कोण विचार करतंय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर त्या कार्यालयात शब्दांचा विचार करण्याचाच पगार घेत होतो.

त्या दोन वर्षांत मॅडम मात्र थांबल्या नव्हत्या. प्रयोगशाळेतलं पाणी दुपारी बारालाच जायचं, म्हणून लादी पाण्यात किती टिकते ही परीक्षा त्यांनी क्वार्टरच्या न्हाणीघरात मांडली. घरात दोनच बादल्या, दोन्हींत एकेक लादी बुडवलेली, वर तारखेच्या चिठ्ठ्या. मी एकदा रविवारी गेलो तर बाबूजी टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात बसले होते. मला म्हणाले, "आंघोळ उद्या. आज अठ्ठाविसावा दिवस आहे, बादली हलवायची नाही." आतून मॅडम ओरडल्या, "तांब्यानं घ्या ना नळाखाली!" बाबूजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ते गृहस्थ कधी चिडलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्या वाटणीची चिडचिडही मॅडमच करून टाकायच्या.

वाळवीची परीक्षा त्यांनी कार्यालयाच्या हिरवळीत लावली होती. सहा लाद्या मातीत पुरायच्या आणि सहा महिन्यांनी वाळवीनं किती खाल्ल्या ते बघायचं. पाचव्या महिन्यात कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून माळ्यानं हिरवळ उकरली आणि लाद्या कचऱ्याच्या गाडीत घातल्या. मॅडम तावातावानं तक्रार करायला स्वच्छता शाखेत गेल्या. तिथल्या कपाटात त्यांना स्वतःची फाइल दिसली.

तिथून त्या जिना उतरून सरळ माझ्या टेबलाशी आल्या. फाइल समोर ठेवली.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"पीठ चाळल्यावर चाळणीत उरते त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?"

"कोंडा."

"अपशिष्ट नाही म्हणत?"

मी चाचरत म्हटलं, शब्दावलीत तोच शब्द दिला आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या एकदम खुर्चीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "गाय खाते ते. आम्ही त्यावर झोपलो लहानपणी. माझ्या मायनं त्यात आंबे पिकवले," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही कचरा लिहिलं त्याले." मग उठल्या. "आता दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही माझ्यासोबत यायचं. काहून म्हणून विचारू नका."

मी विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी हापूडच्या पलीकडच्या एका गावी जात राहिलो. बायकोला कार्यालयीन काम म्हणून सांगत होतो आणि तिचा विश्वास बसत नव्हता.

त्या गावात राजबाला नावाची अंगणवाडी चालवणारी बाई होती. तिशीची, फटकळ, गावातल्या आठ-दहा बायकांचा गट हाताशी धरून होती. लहान पोरांच्या खिचडी-लापशीचा गहू, तांदूळ, डाळ महिन्याला यायची आणि पंचायतीच्या उघड्या ओसरीत ताडपत्रीखाली पडायची. अर्धं उंदीर, घुशी आणि बुरशी खायची. फाइल योग्य शाखेत गेल्यावर परीक्षणासाठी म्हणून एक कोठार बांधायची परवानगी मिळाली, तेव्हा मॅडमनी हेच गाव निवडलं. लाद्या तिथेच पाडल्या, त्याच बायकांनी. मी तणस कापलं, चुना कालवला, हाताची सालं निघाली. मॅडम साडी खोचून चिखलात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक लादी हातात घेऊन वास घ्यायच्या. "कच्चं आहे, परत," म्हणायच्या. राजबाला कुजबुजायची, "मैडम जी रोटी भी सूँघ के खाती होंगी." मॅडमना ऐकू जायचं आणि त्या हसायच्या नाहीत.

कोठार उभं राहिलं. दहा बाय बारा पावलांचं, जाड भिंतींचं, उंच जोत्याचं, आत गेलं की भर उन्हाळ्यातही गार. पण त्यात धान्य ठेवता येत नव्हतं. सरकारी धान्य फक्त मान्यताप्राप्त पक्क्या बांधकामात ठेवावं, असा नियम. हे बांधकाम पक्कं आहे असं लिहून देणारं कार्यालय आमचंच. आणि आमच्या कार्यालयात तो कागद एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे जात होता. सगळ्या परीक्षा पास झाल्या होत्या. कुणी सही करत नव्हतं, कारण आधी कुणी केली नव्हती.

या बाबतीत मॅडमचा जो हट्ट होता, त्याचा मला फार राग यायचा, आजही येतो. त्या म्हणायच्या, "कागदाशिवाय आत एक दाणा नाही." कोठाराला कुलूप, चावी राजबालाकडे, आत फक्त हवेतला ओलावा मोजायचं एक यंत्र आणि नोंदीची वही. दर दुसऱ्या शनिवारी मॅडम आत जायच्या, आकडा बघायच्या आणि वहीत लिहायच्या, 'कोरडं'. दार पुन्हा बंद. दहा पावलांवर ओसरीत ताडपत्रीखाली पोती.

एकदा मार्चमध्ये, भर दुपारी, मी मॅडमच्या टेबलाशी बसलो असताना राजबालाचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला.

"मैडम जी, बादल काले हो रहे हैं. आज ही माल आया है, दो महीने का इकट्ठा. चाबी मेरे हाथ में है. आप बस हाँ कर दो."

मॅडमनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.

"मैडम जी? हम दस औरतें हैं, आधे घंटे में अंदर कर देंगी."

"नहीं राजबाला," मॅडम म्हणाल्या. "कागज़ आने दो. ताडपत्री अच्छे से बाँधो, ईंटें रखो."

फोन ठेवल्यावर मी ओरडलो. कार्यालयात मी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी ओरडलो. कोण बघायला येणार आहे, मी म्हटलं, आतमध्ये कोरडं आहे हे तुम्हीच साठ वेळा लिहिलंय!

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. "आज आत ठेवलं अन् उद्या एका पोत्याला कीड लागली, तर काय म्हणतील? तणसात सडलं म्हणतील. सिमेंटच्या गोदामात सडते तेव्हा कोणी सिमेंटला बोल लावत नाही. तणसाला लावतील. मग हे दुसऱ्या कोणत्याच गावात उभं राहणार नाही. मला एका गावाचं नाही करायचं, पाटणकर."

दोन दिवस पाऊस पडला, गाराही पडल्या. ताडपत्री फाटली. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा ओसरीत आंबूस वास भरला होता आणि बायका काळा पडलेला गहू फावड्यानं ओढत होत्या. राजबालानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरांची खिचडी पुढचा माल येईपर्यंत बंद राहिली. मॅडम कोठार उघडून आत गेल्या, यंत्र बघितलं. त्या बाहेर आल्यावर मी वही उघडून पाहिली. नेहमीच्याच अक्षरात 'कोरडं' लिहिलं होतं. त्या दिवशी परतताना त्यांनी डबा उघडला नाही.

शेवटी कागद आला. मॅडमच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, मला अनुवादासाठी. साहेब खुशीत होते. "मैडम, बधाई! अनाज-वनाज का झंझट मैंने निकलवा दिया. नोएडा के ऑफिसों में इको-फ्रेंडली दीवार की ज़बरदस्त डिमांड है." कागदावर मान्यता होती. सजावटीच्या भिंतींसाठी, आतल्या आडभिंतींसाठी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हे साहित्य अन्नधान्याच्या साठवणुकीसाठी वापरू नये. का, ते लिहिलं नव्हतं.

"सर, टेस्ट तो सब पास हैं," मॅडम म्हणाल्या.

"बिल्कुल पास हैं. इसीलिए तो अप्रूव किया."

त्या ओळीचं हिंदी मला करावं लागलं. या खेपेला मी एकही शब्द बदलला नाही आणि एकही गाळला नाही, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मॅडमना निवृत्तीला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषणात साहेब त्यांना 'वेस्ट टू वेल्थ' म्हणाले. नोएडाच्या एका आयटी कंपनीच्या स्वागतकक्षात मी तशी भिंत पाहिली आहे. तिच्यावर खालून पिवळे दिवे सोडले आहेत आणि पुढे कॉफीचं यंत्र आहे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते दोघं गाझियाबादच्याच वैशाली भागात भाड्यानं राहिले. वर्षभर मॅडमनी गावाचं नाव काढलं नाही, मीही नाही. मग नागपूरला मुलीकडे कायमचं जायचं ठरल्यावर त्यांचा फोन आला. "पाटणकर, चला एकदा. पाहून येऊ पडलं की उभं आहे." ती माझी त्यांची शेवटची भेट.

कोठार उभं होतं. दाराला कुलूप होतं. आम्ही न सांगता गेलो होतो. आम्हाला बघून राजबाला लगबगीनं आली, पाया पडली आणि दारासमोर उभी राहिली.

"चाबी दो ज़रा," मॅडम म्हणाल्या.

"चाबी तो खो गई, मैडम जी. कब से बंद पड़ा है. अंदर कुछ है भी नहीं."

ती खोटं बोलत होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुलपाला ताजं तेल होतं. उंबऱ्याशी गव्हाचे दाणे सांडले होते आणि दाराच्या फटीतून कडुलिंबाच्या पाल्याचा वास येत होता. पलीकडच्या ओसरीत ताडपत्री नव्हती, पोती नव्हती. तिथे वीस-पंचवीस पोरं ताटल्या घेऊन खिचडी खात बसली होती. बाकीच्या बायका लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, पाहणीला आलेल्या साहेबाकडे बघावं तशा.

मला वाटलं मॅडम आता आनंदानं काही बोलतील, नाहीतर चिडतील. त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "बच्चों को रोज़ मिलता है?"

"जी, रोज़."

"बारिश में भी?"

"बारिश में भी, मैडम जी." राजबाला त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती.

"ठीक है. चाबी खो गई तो रहने दो," मॅडम म्हणाल्या आणि वळून रस्त्याकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. गाडीपाशी पोचल्यावर पाहिलं, तर त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा मात्र चिडलेला होता.

"पाटणकर, तुम्ही मागे जा," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, पोती भिंतीला टेकवून नका ठेवू. हातभर जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. खाली फळ्या टाका. मला नाही सांगता येत. मला माहीतच नाही ना, आत काय आहे ते."

मी परत गेलो आणि राजबालाला तेवढंच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मैडम जी को पता चल गया?"

"नहीं," मी म्हटलं. "उनको कुछ नहीं पता."

तिनं ओढणीची गाठ सोडून चावी काढली. आत छतापर्यंत पोती होती, भिंतीला चिकटून रचलेली. बायका धावत आल्या आणि आम्ही सगळे मिळून ती ओढू लागलो. जड पोती जमिनीवरून घासत सरकण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात असणार. मी दारातून बाहेर पाहिलं. मेश्राम मॅडम गाडीजवळ, आमच्याकडे पाठ करून, शेतांकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवटचं पोतं सरकेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, एकदाही वळल्या नाहीत.